चार्ज न होणारा मोबाईल : दोष शोधण्याची क्रमवार रीत

विहिरीवरील मोटार चालू केली आणि पाणी आलें नाहीं, तर जाणता शेतकरी लागलीच मोटार वर काढून दुरुस्तीस धाडीत नाहीं. तो आधीं फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग वायर, मग फुटव्हॉल्व्ह. आणि हें सर्व निर्दोष ठरलें म्हणजेच मोटारीस हात घालतो. परंतु त्याच शेतकऱ्याचा मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावूनही सकाळीं बारा टक्क्यांवर राहिला, तर तो तडक तालुक्याच्या गांवीं जातो, "बॅटरी गेली" असा निकाल ऐकतो आणि पैसे मोजून परत येतो. मोटारीस लावलेली रीत मोबाईलास कां लावूं नये? ती लावतां येते, आणि बहुतेक वेळां दोष घरच्या घरीं सांपडतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. तो शेतकरी बंधूंपुढें ठेवावा एवढाच या लेखाचा हेतु.

मोबाईल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत सर्वत्र ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन, मोबाईलवरून करावयाची असते. तिला मुदत असते. अतिवृष्टीची मदत, पीकविमा किंवा हमीभावाची खरेदी यांपैकीं कोणताही प्रश्न निघाला कीं प्रथम ही नोंद पाहिली जाते. याशिवाय केळीचा रोजचा भाव, मोटार घरूनच चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर, बँकेचा व सरकारी योजनांचा ओटीपी, हीं सर्व कामें त्याच एका यंत्रावर येऊन बसलीं आहेत. म्हणून तें ऐन वेळीं बंद पडणें म्हणजे ऐन पेरणींत बैल बसण्यासारखें आहे.

एक घडलेली गोष्ट सांगतों. आमच्या मुक्ताईनगर तालुक्यांत, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेंत, तापी-पूर्णेच्या टापूंत एक जुने केळीबागाईतदार आहेत. त्यांस आम्ही नाना म्हणतों. एका भाद्रपदांत पीक पाहणीच्या मुदतीचा अखेरचा दिवस उजाडला आणि नानांची कपाशी व मका यांची नोंद राहिलेली. आदल्या वर्षीं अशीच नोंद राहून गेल्यामुळें त्यांस नुकसानीच्या यादींत नांव लावण्यासाठीं चार महिने खेटे घालावे लागले होते. फोन रात्रभर चार्जिंगला होता, तरी दोन टक्क्यांपुढें सरकेना. मुलानें दोन चार्जर बदलून पाहिले. एका दुकानांत बॅटरी बदलावी लागेल, व ती उद्यां येईल, असें सांगण्यांत आलें. दुपारीं नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, आतां यंदाचेंही गेलें म्हणायचें."

मीं फोन हातीं घेऊन विजेरीच्या उजेडांत त्याची चार्जिंगची खांच पाहिली. आंत सदऱ्याच्या खिशांतील सुताचे तंतु व मळ्याची धूळ दाबली जाऊन नमद्यासारखा थर बसला होता. वायरीचें टोंक त्या थरावरच टेकत होतें. आंतील पट्टीस तें पोंचतच नव्हतें. फोन बंद करून लांकडी दांतकोरणीनें तो थर हलकेच उकरून काढला. वायर टक् करून बसली. तासाभरांत फोन तीस टक्क्यांच्या वर गेला, आणि दिवस मावळण्यापूर्वीं नाना दोन्ही गटांतील छायाचित्रें घेऊन परत आले. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण आठवून आम्हां दोघांसही हंसूं आलें. परंतु तो थर दिसला नसता तर त्या वर्षाची नोंद गेलीच होती.

विजेचा मार्ग

दोष शोधण्यापूर्वीं वीज कोणत्या वाटेनें जाते तें समजून घ्यावें. भिंतींतील २३० व्होल्टची वीज चार्जरांत येते. चार्जर तिचा दाब उतरवून साधारणतः ५ व्होल्ट करतो. ती वायरींतून फोनच्या खांचेंत शिरते आणि तेथून फोनमधील नियंत्रक तिला बॅटरींत सोडतो. म्हणजे सॉकेट, चार्जर, वायर, खांच, नियंत्रक व बॅटरी अशीं हीं सहा ठाणीं झालीं. तपासणी याच क्रमानें करावी आणि एका वेळीं एकच वस्तु बदलावी. चार्जर, वायर व सॉकेट एकदम बदललीं आणि फोन चार्ज होऊं लागला, तर दोष कोठें होता हें कळत नाहीं. तोच सदोष भाग पुढें दुसऱ्या फोनला लावला जातो.

चार्जिंगला किती वेळ लागावा याचा अंदाजही हवा. आजकाल पुष्कळ फोनांची बॅटरी ५००० मिलिअँपियर-तासांची असते. तिच्यांत सुमारें १९ वॉट-तास वीज मावते. चार्जरवर ५ व्होल्ट व २ अँपियर असें छापलें असेल, तर तो १० वॉटचा झाला. वाटेंतील घट धरतां तो ही बॅटरी अडीच ते तीन तासांत भरतो. ५ व्होल्ट १ अँपियरचा जुना चार्जर याच कामास पांच-सहा तास घेतो. म्हणून जुन्या फोनचा चार्जर नव्या फोनला लावून "फोन हळू भरतो" अशी तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. तसेंच शेवटचे वीस टक्के सावकाश भरतात हाही दोष नव्हे. पोतें भरतांना आपण आधीं घमेल्यानें ओततों व तोंडाशीं आल्यावर मुठीनें दाबून भरतों, तशीच बॅटरीची रीत आहे.

पहिलें ठाणें : सॉकेट

सॉकेटमध्यें वीज आहे कीं नाहीं हें पाहण्यास केवळ टेस्टरवर विसंबूं नये. टेस्टरचा दिवा नाममात्र प्रवाहावर लागतो. जोड ढिला वा जळका असला तरी तो उजळतो. त्याच सॉकेटांत दुसरा दिवा किंवा पंखा लावून पाहावा. पिन हालते, ठिणगीचा आवाज येतो, किंवा प्लास्टिक पिवळें-काळें पडलें आहे, असें दिसल्यास मेन स्विच बंद करवून तें सॉकेट जाणकाराकडून बदलावें.

कमी दाबाची भीति मात्र बाळगूं नये. बहुतेक चार्जरांवर "१०० ते २४० व्होल्ट" असें छापलेलें असतें. ज्या दाबावर मोटार नुसती गुणगुणते त्या दाबावरही चार्जर आपलें काम करतो. धोका आहे तो चढत्या दाबाचा. तीन-फेज लाईनवरील न्यूट्रल तार तुटली किंवा ढिली झाली, तर घरांत २३० च्या जागीं ४०० व्होल्टच्या जवळपास दाब चढूं शकतो. कांहीं दिवे एकाएकी लख्ख व कांहीं मंद होऊं लागले, तर ती याची खूण समजावी. त्या क्षणीं मेन स्विच बंद करावा. विजा कडकडत असतांही चार्जर भिंतींतून काढून ठेवावा.

मळ्यांतील घरांस आणखी एक अडचण असते. शेतीच्या वाहिनीवर पुष्कळ ठिकाणीं वीज पाळीनें येते, आणि पाळी रात्रीची असली तर दिवसां चार्जिंग होत नाहीं. अशा वेळीं पॉवर बँक उपयोगी पडते. परंतु १०,००० मिलिअँपियर-तासांची पॉवर बँक फोनला तेवढें सर्व देत नाहीं, आंतील ३.७ व्होल्टचा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवितांना घट होऊन सुमारें सहा हजारच हातीं लागतात. सौर पंपाच्या पॅनेलच्या तारेस फोन जोडण्याचा प्रयोग कोणीही करूं नये. त्या तारांतील दाब पुष्कळ मोठा असून तो फोनचा व माणसाचाही घात करील.

दुसरें व तिसरें ठाणें : चार्जर आणि वायर

आधीं वायर बदलून पाहावी, कारण सर्वांत अधिक झीज तिचीच होते. ती टोंकाशीं सारखी वाकते. आंतील तांब्याचे बारीक तंतु एकेक करून तुटतात आणि वरचें आवरण मात्र साबूत दिसतें. वायर विशिष्ट कोनांत धरली तरच चार्जिंगची खूण येत असेल, तर दोष वायरीचा किंवा खांचेचा. तीच वायर दुसऱ्या फोनला लावावी. तेथेंही तोच प्रकार घडल्यास वायर फेकावी; तेथें ती चांगली चालल्यास आपल्या फोनची खांच पाहावी. स्वस्त वायरींत तांबें कमी असतें; त्यामुळें दाब वाटेंतच गळतो व चार्जिंग रेंगाळतें. पाईप अरुंद घेतला कीं शेवटच्या चाऱ्यास पाणी पोंचत नाहीं, तोच हा प्रकार.

चार्जर घेतांना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व "आर" अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे कीं नाहीं तें पाहावें. हा क्रमांक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या ॲपवर पडताळतां येतो. बाजारांत रस्त्यावर मिळणाऱ्या हलक्या चार्जरांत उच्च दाबाची व कमी दाबाची बाजू यांतील अंतर नीट राखलेलें नसतें. अशा चार्जरपासून फोनला व हातालाही धोका आहे. चार्जिंगला लावल्यावर पडद्यावरील बोटाची हुकमत जाते, अक्षरें आपोआप उमटतात, असा अनुभव पुष्कळांस येतो. हा दोष बहुधा फोनचा नसून निकृष्ट चार्जरचा असतो. जलद चार्जिंगसाठीं चार्जर व फोन यांच्यांत परस्पर संकेत जुळावा लागतो. तो न जुळल्यास मोठ्या वॉटचा चार्जरही साध्या गतीनेंच चालतो.

चौथें ठाणें : खांच

आमची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि तिची पिठासारखी धूळ वाऱ्यावर चढते; पावसाळ्यांत तीच हातास चिकटते. वेचणीच्या दिवसांत कपाशीचे तंतु खिशांत सांठतात. फोन त्याच खिशांत दिवसभर फिरतो. मग खांच भरावी यांत नवल तें काय? वायरीचें टोंक पूर्ण आंत जात नाहीं, डळमळतें, थोड्या धक्क्यानें निसटतें, अशी लक्षणें दिसल्यास प्रथम उजेडांत खांच पाहावी.

साफ करतांना फोन बंद करावा. कोरडी, बारीक केलेली लांकडी दांतकोरणी कडेकडेनें फिरवावी. मधल्या नाजुक पट्टीवर जोर देऊं नये. सुई, टांचणी किंवा तार मुळींच घालूं नये. धातूनें आंतील संपर्कबिंदु एकमेकांस जोडले जाऊन मोठें नुकसान होतें. तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकरीबरोबर वाफ आंत जाते. तेल, रॉकेल वा पाणी यांचा तर विचारही नको.

ओलीविषयीं विशेष सांगावयाचें तें हें. ठिबकमधून विद्राव्य खत सोडतांना किंवा फवारणीनंतर तसेच ओले हात फोनला लावण्याची संवय पुष्कळांस आहे. त्या पाण्यांत क्षार असतात. ओली खांच चार्जरला जोडली कीं क्षार व वीज मिळून संपर्काच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडून कुरतडल्या जातात. फोननें थेंबाची खूण दाखविली, तर वायर काढावी, खांच खालीं करून तळहातावर हलकेच आपटावी आणि वाऱ्यावर कांहीं तास कोरडी होऊं द्यावी. फोन तांदळांत पुरण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो; त्यानें कांहीं साधत नाहीं, उलट तांदळाची भुकटी व कण खांचेंत जातात.

पांचवें ठाणें : उष्णता आणि नियंत्रक

जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. फोनमधील नियंत्रक बॅटरीचें तपमान मोजीत असतो. तें ४५ अंशांच्या आसपास पोंचलें कीं तो चार्जिंग मंद करतो किंवा थांबवितो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, पत्र्याच्या पंपघरांत किंवा उन्हांत उभ्या मोटारसायकलच्या पिशवींत ठेवलेला फोन चार्ज होत नसेल, तर तो बिघडलेला नसून स्वतःचें रक्षण करीत आहे असें समजावें. त्यास सावलींत, गार फरशीवर, आवरण काढून ठेवावें व थंड झाल्यावर चार्जिंगला लावावें. फ्रीजमध्यें ठेवूं नये. बाहेर काढतांच आंत दंव धरतें. उशीखालीं किंवा गोधडींत गुंडाळून चार्जिंग करणें तर सर्वस्वी वर्ज्य.

कांहीं फोन बॅटरीचें आयुष्य वाढावें म्हणून मुद्दाम ८० टक्क्यांवर थांबतात. ही योजना सेटिंगमध्यें बंद-चालू करतां येते. तोही दोष नव्हे. आणि कधीं कधीं वीज येतच असते, पण तितकीच खर्च होते. शिवारांत रेंज क्षीण असली कीं फोन टॉवरला गांठण्यासाठीं अधिक जोर लावतो; नकाशा, उजळ पडदा व चालू राहिलेलीं ॲपें यांची त्यांत भर पडते. याची परीक्षा सोपी आहे. फोन पूर्ण बंद करून अर्धा तास चार्जिंगला लावावा. बंद असतां नीट भरला, तर वीज पोंचते आहे, खर्च आंत आहे. सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर कोणतें ॲप किती खातें तें पाहून त्यास आवरावें. फोन अगदीं रिकामा होऊन बंद पडला असेल, तर चार्जर लावतांच पडदा उजळेल अशी अपेक्षा करूं नये. वीस-तीस मिनिटें धीर धरावा.

सहावें ठाणें : बॅटरी

एवढ्यावर दोष सांपडला नाहीं तरच बॅटरीकडे वळावें. फोनची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्रॅक्टरच्या शिसें-आम्लाच्या बॅटरीहून हिचा स्वभाव निराळा आहे. ट्रॅक्टरची बॅटरी नेहमीं भरलेली असावी लागते. लिथियमची बॅटरी सतत शंभरावर ठेवली किंवा वारंवार शून्यावर आणली, तरी दोन्ही प्रकारें झिजते. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. "आधीं पूर्ण रिकामी करावी, मग भरावी" हा नियम जुन्या जातीच्या बॅटऱ्यांचा, तो येथें लावूं नये.

सुमारें पांचशे वेळां पूर्ण भरून रिकामी झाली कीं अशा बॅटरीची धारणा साधारण ८० टक्क्यांवर येते. नव्या कांहीं बॅटऱ्या याहून अधिक टिकतात. रोज चार्जिंग करणाऱ्याच्या हातीं दोन-तीन वर्षांत तिची उतरण जाणवूं लागते. तीस टक्के दाखवीत असतां फोन एकाएकी बंद पडणें, किंवा झटकन शंभर होऊन तितक्याच झटकन उतरणें, हीं थकलेल्या बॅटरीचीं लक्षणें होत. पाठीचें झांकण उचललें गेलें, पडदा फुगून वर आला, तर बॅटरी फुगली आहे. अशा फोनचें चार्जिंग तत्काळ थांबवावें. ती दाबूं नये, टोंचूं नये, उकिरड्यांत वा आगींत टाकूं नये. ती पेट घेते. दुरुस्तीच्या दुकानीं देऊन तिची विल्हेवाट लावावी.

दुकानांत जातांना

घरची तपासणी संपल्यावर दुकान गांठण्यांत कमीपणा नाहीं. खांच किंवा बॅटरी बदलणें हें जाणकाराचेंच काम. परंतु जातांना कोणकोणत्या वस्तु बदलून पाहिल्या तें सांगावें, म्हणजे त्याचाही वेळ वांचतो. सिमकार्ड काढून आपल्याजवळ ठेवावें. छायाचित्रें व फोन नंबर आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावेत. बँकेच्या ॲपचा पिन कोणासही सांगूं नये. खर्चाचा आंकडा आधीं विचारावा आणि बदललेला जुना भाग पाहून घ्यावा.

शेवटीं एक हिशेब. फोन एकदां पूर्ण भरण्यास फार तर पंचवीस वॉट-तास वीज लागते; म्हणजे एका युनिटांत तो चाळीस वेळां भरतो. येथें वांचविण्यासारखें कांहीं नाहीं. वांचवावयाचे ते दुरुस्तीचे पैसे व मुदतीचे दिवस. यासाठीं महिन्यांतून एकदां, अमावास्येस बैलांस विश्रांति देतों त्या दिवशीं म्हणा, खांच उजेडांत पाहावी. एक चांगली वायर घरांत राखून ठेवावी. आणि पीक पाहणी मुदतीच्या अखेरच्या दिवसावर टाकूं नये. नाना आतां पहिल्याच आठवड्यांत नोंद करतात, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत चष्म्याशेजारी एक लांकडी दांतकोरणी असते.